चौकटीतले कुटुंब आणि चौकटीबाहेरची माणसे

आम्ही पूर्णा येथे राहतो. ठाण्याहून बाळकुमची वेस ओलांडून, काशेळीच्या पुलावरून खाडी पार करून जुन्या आग्रा रस्त्याने भिवंडीकडे निघाले, की काल्हेरनंतर आमचे गाव लागते. एकेकाळी भाताची शेते असलेल्या या पट्ट्यात आज दोन्ही अंगांना गोदामांच्या रांगा आहेत. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर माल उतरवावा, या हिशेबाने ही गोदामे येथे आली. १ जुलै २०१७ रोजी मुंबईतील जकात गेली, गोदामे मात्र राहिली आणि वाढली. आमच्यातील काही ख्रिस्ती कुटुंबे या गोदामांतून बिल्ट्या लिहिण्याचे, राखणदारीचे, माल मोजून घेण्याचे काम करतात. रविवारी आम्ही मिस्साला जातो, ते धर्मग्राम येथून बरेच दूर आहे. त्याचे नाव आम्ही येथे घेत नाही, कारण आमचे भांडण कोणा एका धर्मग्रामाशी नाही. ते एका विचाराशी आहे, आणि तो विचार हल्ली पुष्कळ ठिकाणी रुजू पाहत आहे.

घडले ते असे. धर्मग्रामाच्या नव्या सभागृहासाठी एका सधन कुटुंबाने सर्वांत मोठी देणगी दिली. त्याबद्दल आमच्या मनात कृतज्ञता आहे. पुढे समितीत अशी सूचना आली, की त्या कुटुंबाचे, म्हणजे आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांचे, एक मोठे तैलचित्र काढवून घ्यावे आणि ते चर्चच्या प्रवेशद्वाराशी, पवित्र पाण्याच्या पात्रावरच्या भिंतीवर लावावे. महोत्सवाच्या स्मरणिकेतही रंगीत पाने देणगीच्या आकड्याप्रमाणे वाटावीत : अमुक रकमेला पूर्ण पान आणि कुटुंबाचे छायाचित्र, तमुक रकमेला अर्धे पान, त्याखाली नुसते नाव. सूचना मांडणारे गृहस्थ वाचन असलेले आहेत. त्यांनी युरोपीय चित्रकलेचे एक जाडजूड पुस्तकच सोबत आणले होते. त्यांचे म्हणणे तीन कलमांचे होते. एक, श्रीमंत घराण्यांची समूहचित्रे काढण्याची थोर परंपरा आहे आणि चर्चनेच ती जोपासली. दोन, दात्याविषयी कृतज्ञता व्यक्त करणे हे कर्तव्य आहे. तीन, कुटुंबसंस्था ढासळत असताना तीन पिढ्या एकत्र दाखवणारे चित्र तरुणांपुढे आदर्श ठेवील.

आम्ही विरोध केला. तेव्हा कोणीतरी हलक्या आवाजात म्हणाले, “ज्यांना देता येत नाही, त्यांना दुसऱ्याचे देणे खुपते.” त्या वाक्याला उत्तर देण्यापेक्षा त्या तीन कलमांना उत्तर देणे अधिक अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते. म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम परंपरेचे कलम घेऊ. चर्चमधील चित्रांत दाते दिसतात, हे खरे आहे. पण ते कोठे दिसतात आणि कसे दिसतात, हे पाहावयास नको का? त्याच जाडजूड पुस्तकात ह्यूगो व्हान डर गूस या चित्रकाराने १४७५च्या सुमारास रंगवलेले एक वेदीचित्र आम्हांला सापडले. तोमासो पोर्तिनारी हा ब्रूज शहरातील मेदिची पेढीचा प्रतिनिधी. त्याने ते काढवून घेतले आणि फ्लॉरेन्स येथील सांता मारिया नुओव्हा या इस्पितळाच्या चर्चला दिले. तेथील आजाऱ्यांच्या डोळ्यांपुढे ते राहावे, हा हेतू. आज ते उफित्सी संग्रहालयात आहे. चित्र तीन फळ्यांचे आहे. मधल्या फळीवर ख्रिस्तजन्म : उघड्या जमिनीवर ठेवलेले बाळ, त्याला वंदन करणारी मरियामाता, योसेफ, देवदूत, आणि उजवीकडून लगबगीने आलेले मेंढपाळ. त्या मेंढपाळांचे हात राबून खरबरीत झालेले आहेत, तोंडे आश्चर्याने उघडी आहेत. आणि पोर्तिनारी? तो आपल्या मुलांसह डाव्या फळीवर, त्याची पत्नी मुलीसह उजव्या फळीवर, सर्व गुडघे टेकलेले. त्यांच्या पाठीशी उभे असलेले संत त्यांच्याहून कितीतरी मोठे रंगवलेले आहेत. ज्याच्या पैशाने चित्र झाले, तो कडेला आणि लहान. ज्यांच्याजवळ द्यायला काही नव्हते, ते मेंढपाळ मधल्या फळीवर आणि योसेफाच्या बरोबरीच्या आकाराचे!

परंपरा म्हणतात ती ही. समितीतील गृहस्थांनी तिचा आधार घ्यावा, आमची हरकत नाही. मात्र मग त्या सधन कुटुंबाला गुडघे टेकलेले, लहान आकाराचे आणि कडेच्या फळीवर रंगवावे लागेल. आणि मधल्या फळीवर काशेळीच्या गोदामातले हमाल यावे लागतील. ही अट त्यांना मान्य आहे का?

त्यांच्या मनात जे चित्र आहे ते या परंपरेतले नाहीच. ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचे आहे. या मधल्या सव्वातीनशे वर्षांत एक मोठा बदल घडला. गुडघे टेकलेला दाता उठून उभा राहिला, कडेवरून मध्यभागी आला, संतांच्या उंचीचा झाला आणि हळूहळू त्या चित्रात त्याच्याखेरीज कोणीच उरले नाही. १८१८ साली डेन्मार्कच्या एकर्सबर्ग या चित्रकाराने कोपनहेगनमधील नाथानसन या व्यापाऱ्याचे कुटुंब रंगवले. आईबाप राणीच्या भेटीहून नुकतेच परतले आहेत आणि मुले आपला नाच थांबवून त्यांचे स्वागत करीत आहेत. चित्र देखणे आहे, मुले गोड आहेत. ते पाहताना आम्हांलाही प्रसन्न वाटले. चित्र सांगते ते इतकेच, की या घराला राणीच्या दरबारात प्रवेश आहे. व्यापाऱ्याच्या दिवाणखान्यात ते शोभून दिसते, आणि त्यात काही गैर नाही. पण दिवाणखान्याचे चित्र देवळाच्या दाराशी टांगायचे, तर प्रश्न उपस्थित होतो.

आणखी एक चित्र पाहू. स्पेनचा राजा चौथा चार्ल्स याच्या कुटुंबाचे प्रचंड चित्र गोयाने १८०० साली रंगवावयास घेतले. आज ते माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. कॅथलिक राजघराणे, रेशीम, पदके, जडजवाहीर, तीन पिढ्या शेजारी शेजारी. आमच्या समितीला हवे तसे! या चित्रात राजपुत्राच्या शेजारी एक स्त्री उभी आहे, तिने तोंड दुसरीकडे फिरवलेले आहे. ती कोण? सर्वसाधारणपणे असे मानले जाते, की ती राजपुत्राची भावी वधू. वधू अद्याप ठरली नव्हती, म्हणून चित्रकाराने कपडे रंगवले, जागा राखली आणि चेहरा मात्र वळवून टाकला. कुटुंबाच्या चित्रात एका माणसाची जागा आधी ठरते आणि माणूस मागाहून शोधला जातो! अशा चित्रात माणसाला मोल असते की जागेला? आणि हे तीन पिढ्यांचे ऐक्य किती टिकले? आठ वर्षांत बाप आणि मुलगा सिंहासनासाठी एकमेकांविरुद्ध उभे राहिले आणि १८०८ साली बायोन येथे नेपोलियनने दोघांच्याही हातून मुकुट काढून घेतला. रंग वाळून घट्ट झाले होते, कुटुंब नव्हते झाले.

कोणी म्हणेल, हे सारे परदेशातले, आपल्याकडचे सांगा. आपल्याकडचेच सांगतो, आणि तेही खाडीपलीकडचे. जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार १७९१ साली मुंबईस आला आणि पुढल्या वर्षी पुण्यास गेला. ब्रिटिश वकील चार्ल्स मॅलेट याचा त्याला आश्रय होता. गंगाराम तांबट या पुण्याच्या कलावंताने त्या काळी वेरूळची जी रेखाटने केली, तीही याच मंडळींच्या संगतीत. वेल्सने शनिवारवाड्यात सवाई माधवराव पेशव्यांचे चित्र काढले. १७९५ साली साष्टी बेटावरील लेण्यांची रेखाटने करीत असता त्याला ताप भरला आणि त्यातच त्याचा अंत झाला. आमच्या पूर्णेसमोरची खाडी ओलांडली, की तीच साष्टी.

वेल्सचे ते चित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीजवळ आहे. त्याच्या नावाकडे लक्ष द्यावे : पेशवे माधवराव नारायण, नाना फडणीस आणि सेवक. दोघांना नावे आहेत, बाकीचे ‘सेवक’. मराठी मुलखातील वैभवाचे समूहचित्र असे दरबाराचे होते. पेशव्यांच्या घरातील एकही स्त्री त्यात नाही. मागे उभ्या असलेल्या माणसांपैकी एकाचेही नाव त्या मथळ्यात नाही. मॅलेटने केलेल्या १७९०च्या तहाच्या पुणे दरबाराचे भव्य चित्र वेल्सच्या मृत्यूनंतर त्याच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलने पुरे केले आणि १८०५ साली ते लंडनच्या रॉयल अकादमीत मांडले गेले. मॅलेट त्यात अजरामर झाला. त्याची हिंदी सहचारिणी अंबर कौर हिचेही चित्र वेल्सने काढले होते, पण ते वेगळे, एकटीचे. १७९९ साली इंग्लंडमध्ये मॅलेटने वेल्सच्याच मुलीशी, सुझॅनाशी, विवाह केला. घराण्याच्या अधिकृत चौकटीत कोणाला घ्यायचे आणि कोणाला स्वतंत्र चौकटीत ठेवायचे, हे ठरवणारे हात नेहमी एकाच बाजूचे असतात.

त्याच सुमारास झोफानी नावाचा चित्रकार उत्तर हिंदुस्थानात श्रीमंत इंग्रजांची कुटुंबे रंगवीत होता. त्याचे १७८६चे कर्नल ब्लेअरच्या कुटुंबाचे चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. कर्नल, त्यांची पत्नी, वाद्यापाशी बसलेली थोरली मुलगी, धाकटी मुलगी. आणि कडेला, मांजर हाती धरून उभी असलेली एक हिंदी पोर. ब्लेअर कुटुंबातील प्रत्येकाचे नाव इतिहासाने जपले. त्या पोरीचे जपले नाही. चित्राच्या नावात ती केवळ ‘आया’ आहे. तिला त्या दिवशी चित्रात का घेतले असावे? धाकट्या मुलीला कुरवाळायला मांजर हवे होते, आणि मांजर धरायला कोणीतरी हवे होते.

मात्र न्यायाने बोलायचे, तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १७८५च्या सुमारास लखनौमध्ये रंगवलेले विल्यम पामर याच्या कुटुंबाचे चित्र ब्रिटिश लायब्ररीत आहे. हाच पामर पुढे १७९८ साली पुण्यास रेसिडेंट म्हणून आला. या चित्रात त्याची पत्नी फैज बक्ष मध्यभागी जमिनीवर बसली आहे, तिच्या मांडीवर तान्हे मूल आहे, भोवती मुले, तिच्याकडच्या स्त्रिया आणि दासी आहेत. पामर तिच्याकडे ज्या नजरेने पाहतो, ती नजर खोटी नाही. चित्र अपुरे राहिले आहे. तरीही अथवा म्हणूनच ते आम्हांस सर्वांत खरे वाटते. सांगायचे एवढेच, की चित्रकलेला किंवा कुटुंबचित्राला आमचा विरोध नाही. चित्रकार मनात आणील, तर चौकट रुंद करू शकतो. प्रश्न आहे तो चौकट कोणासाठी रुंद होते हा.

आता कृतज्ञतेच्या दुसऱ्या कलमाकडे वळू. दात्याचे उपकार मानू नयेत, असे म्हणणारा माणूस करंटा म्हणावा लागेल. माहीम आणि वांद्रे यांमधील खाडीवरचा रस्ता लेडी आवाबाई जमशेटजी यांच्या देणगीतून १८४५ साली झाला. त्याआधी वांद्र्याचे आमचे किती पूर्वज पावसाळ्यात होडीत जीव मुठीत धरून पलीकडे गेले असतील! त्या रस्त्यावर टोल घेऊ नये, अशी अट त्या माऊलीने घातली होती, हे आम्हांस त्या देणगीइतकेच मोठे वाटते. त्यांचे पती सर जमशेटजी जीजीभाई यांनी इस्पितळ दिले, कलाशाळेला पैसा दिला. त्यांचे उपकार मुंबईने विसरू नयेत.

परंतु त्याच जमशेटजींचे एक प्रसिद्ध चित्र आहे. शुभ्र पोशाखात ते बसलेले आहेत आणि सोबत एक चिनी माणूस आहे. तो चिनी माणूस त्या चित्रात का आहे, हे विचारले पाहिजे. मुंबईच्या त्या पिढीतील संपत्तीचा मोठा वाटा चीनशी होणाऱ्या व्यापारातून आला आणि त्या व्यापारात माळव्याची अफू होती. या धंद्यात जमशेटजी एकटे नव्हते. त्यांच्या भागीदारांत जैन होते, कोकणी मुसलमान होते, आणि रोजेरियु द फारिया हे आपले गोवेकर ख्रिस्ती बंधूही होते. म्हणून दुसऱ्या समाजाकडे बोट दाखवण्याचा अधिकार आम्हांस नाही. १८३९ ते १८४२ या काळात त्या अफूपायी युद्ध झाले. कँटनच्या गल्ल्यांतून किती घरे बसली, त्याचे तैलचित्र कोणी काढले नाही. दात्याचे चित्र लावताना आपण केवळ त्याचे दान लावत नाही, त्याच्या मिळकतीवरही देवळाचा शिक्का मारतो. ही जबाबदारी समितीने पेलायची आहे का? प्रत्येक देणगीदाराची वही तपासायची आहे का? तपासणार नसाल, तर दान घ्या, आभार माना, प्रार्थना करा. पण चेहरा भिंतीवर चढवू नका.

संत याकोबाने आपल्या पत्रात हा प्रसंग जवळजवळ जसाच्या तसा मांडला आहे. सोन्याची अंगठी घातलेला मनुष्य सभेत येतो, फाटक्या कपड्यातलाही येतो. एकाला मानाची जागा मिळते, दुसऱ्याला पायांपाशी. याकोब विचारतो, की असे करताना तुम्ही न्यायाधीश होऊन भेदभाव केला नाही काय? मंदिराच्या दानपेटीपाशी बसलेल्या प्रभूने विधवेच्या दोन नाण्यांचा जो हिशेब केला, तो हिशेब आमच्या स्मरणिकेच्या दरपत्रकात कोठे बसतो? त्या दरपत्रकाप्रमाणे तिला पान नाही, अर्धे पान नाही, नावाची ओळसुद्धा नाही.

आमच्या पूर्णेत माल येतो, त्यासोबत बिल्टी येते. तिच्यावर माल धाडणाऱ्याचे नाव असते, घेणाऱ्याचे असते, गाडीचा क्रमांक असतो, नगांची संख्या असते. पाठीवरून जो तो माल गाळ्यात रचतो, त्याचे नाव नसते. व्यवहाराच्या कागदाला ते लागत नाही, म्हणून आम्ही त्याला दोष देत नाही. पण चर्चच्या भिंतीने बिल्टीची रीत उचलावी, हे आम्हांस सोसवत नाही. त्या सभागृहाच्या पायासाठी खडी वाहणाऱ्या बाया होत्या. फरशी बसवणारे होते. उन्हाळाभर रात्री सिमेंट राखत बसलेला एक वृद्ध होता. त्यांच्यापैकी एकाचे तरी नाव समितीला ठाऊक आहे का?

आता तिसरे कलम, आदर्श कुटुंबाचे. येथे आम्ही आमचाच एक अपराध सांगतो. काही वर्षांपूर्वी एका परिचित घरी बाळाच्या स्नानसंस्काराचा सोहळा होता. त्या घरी जव्हारकडची एक बाई अकरा वर्षे कामाला होती. घरच्या आजीचे अंथरुण तिनेच काढले होते. या बाळाला न्हाऊमाखू घालणारीही तीच. सगळे कुटुंब छायाचित्रासाठी उभे राहिले. बाळ तिच्या कडेवर होते, ते तिने आईच्या हाती दिले, त्याचे टोपडे नीट केले आणि ती तेथेच थांबली. छायाचित्रकार म्हणाला, “मावशी, तुम्ही जरा बाजूला व्हा.” ती झाली. घरातले कोणी काही बोलले नाही. आम्ही तीन हातांवर उभे होतो; आम्हीही काही बोललो नाही. पुढे ते छायाचित्र मोठे करून दिवाणखान्यात लावले गेले. त्यात सगळे समोर पाहून हसत आहेत. बाळ तेवढे समोर पाहत नाही. त्याची मान उजवीकडे वळलेली आहे, आणि ते चौकटीबाहेर कोणाकडे तरी पाहत आहे. त्या घरी गेलो, की आमची नजर त्या बाळावर जाते आणि आम्ही मान खाली घालतो.

आदर्श कुटुंबाची चित्रे अशीच तयार होतात. त्यांतून कोणाला तरी बाजूला व्हायला सांगावे लागते. मोलकरीण बाजूला होते. पसंतीविरुद्ध लग्न केलेली मुलगी बाजूला होते. व्यसनाच्या फेऱ्यात सापडलेला भाऊ त्या दिवशी बोलावला जात नाही. नवऱ्याने टाकलेली आत्या आपण होऊन मागे सरते. उरतात ती हसरी माणसे. मग तरुणांना सांगायचे, की पाहा, कुटुंब असे असते! ज्यांच्या घरी तसे नाही, ती मुले पवित्र पाण्यात बोट बुडवताना त्या चित्राकडे पाहून काय शिकतील? आपले घर देवाच्या दाराशी लावण्याजोगे नाही, हेच ना?

ख्रिस्तसभेने आपल्यापुढे कुटुंबाचा आदर्श ठेवलाच आहे. पवित्र कुटुंबाचा सण १९२१ साली सबंध ख्रिस्तसभेसाठी लागू झाला, आणि आज आपण तो नाताळच्या आठवड्यात साजरा करतो. ते घर सुताराचे. त्या घराने मुलाच्या जीवासाठी परदेशात पळ काढला होता. आणि त्या घराचे खरे समूहचित्र पाहावयाचे, तर मत्तयलिखित शुभवर्तमान उघडावे. आरंभी वंशावळ आहे. मिस्सात ती वाचली जाते, तेव्हा आपल्याला पेंग येते. पण कान देऊन ऐकावी. अब्राहाम आहे, दावीद आहे, राजे आहेत. आणि त्या राजांच्या ओळीत तामार आहे, राहाब आहे, परक्या मवाबी कुळातली रूथ आहे, आणि दाविदाचे पाप ज्या एका उल्लेखाने उघडे पडते, ती उरियाची बायको आहे. कोणत्याही श्रीमंत घराण्याने आपल्या चित्रातून ज्यांना प्रथम बाजूला केले असते, त्यांना शुभवर्तमानाच्या पहिल्याच पानावर जागा मिळाली. प्रभूच्या कुटुंबाच्या चित्रात कोणालाही बाजूला व्हायला सांगितलेले नाही.

टीका करणे सोपे, पर्याय द्या, असे आम्हांला समितीत विचारले गेले. पर्याय आमच्या चर्चच्या कपाटातच आहे. १५६३ साली त्रेंत येथील धर्मपरिषदेने स्नानसंस्कारांच्या आणि विवाहांच्या नोंदी ठेवण्याचे बंधन धर्मगुरूंवर घातले. तेव्हापासून प्रत्येक धर्मग्रामात ती जाड वही आहे. तीत जमीनदाराचे मूल आणि कोळ्याचे मूल एकाखाली एक येते. मुलाचे नाव, आईबापांची नावे, धर्ममातापित्यांची नावे. रक्कम लिहायला तीत रकाना नाही. चित्रकाराला देण्यासाठी ज्यांच्याजवळ कधी पैसा नव्हता, अशा आमच्या पूर्वजांचे एकमेव समूहचित्र म्हणजे ती वही. राजेरजवाड्यांच्या चित्रांतले सेवक निनावी राहिले. पण धर्मगुरूने बोरूने लिहिलेल्या ओळीत गरिबातल्या गरिबाला नाव आहे.

तेव्हा आमची सूचना अशी. त्या भिंतीवर तैलचित्र नको. स्मरणिकेत दरपत्रक नको. धर्मग्रामाच्या स्थापनेपासून त्या वहीत नोंदलेली सर्व नावे स्मरणिकेत छापावीत, वर्षांच्या क्रमाने, एकाच आकाराच्या अक्षरांत. देणगी देणाऱ्यांची आणि श्रम करणाऱ्यांची नावे त्यानंतर, एकाच यादीत, आद्याक्षरांप्रमाणे, आकडे न देता. खडी वाहणाऱ्या बायांची नावे मुकादमाकडून विचारून घ्यावीत. त्यांचा धर्म विचारू नये. आणि चित्र हवेच असेल, तर महोत्सवाच्या दिवशी मिस्सा संपल्यावर सर्वांनी पायऱ्यांवर उभे राहावे. सधन कुटुंबानेही राहावे, मध्यभागी अथवा कडेला, जेथे जागा मिळेल तेथे. राखणदार असावा, स्वयंपाकीण असावी, पूर्णेहून रिक्षा बदलत उशिरा पोहोचणारी आमची चार घरे असावीत. छायाचित्रकाराला एकच ताकीद द्यावी : कोणालाही बाजूला व्हायला सांगायचे नाही. माणसे मावत नसतील, तर त्याने स्वतः चार पावले मागे जावे.

त्या सधन कुटुंबातील ज्येष्ठांना आम्ही व्यक्तिशः ओळखतो. ते मनाचे मोठे आहेत. हा सारा खटाटोप त्यांच्यापेक्षा त्यांच्या भोवतीच्या उत्साही मंडळींचाच अधिक आहे, असा आमचा समज आहे. उजव्या हाताचे दान डाव्या हाताला कळू नये, ही शिकवण त्यांनी आमच्याआधी ऐकलेली आहे. त्यांनी स्वतःच समितीला ‘नको’ म्हणावे, अशी आमची त्यांना हात जोडून विनंती आहे. त्या एका शब्दाने त्यांचे जे चित्र आमच्या मनात उमटेल, ते कोणत्याही तैलरंगाने उतरणार नाही.

आणि जव्हारच्या त्या मावशींना आम्ही यंदा नाताळात भेटावयास जाणार आहोत. त्यांचे पूर्ण नाव आम्ही अकरा वर्षांत कधी विचारले नव्हते. प्रथम ते विचारू.